भिंतीतला वड कुंडीत

पावसाळा लागला, की जुन्या भिंतींना हिरवे कोंब फुटू लागतात. वाड्याची भिंत, विहिरीचा कठडा, देवळाचे शिखर, चाळीची गच्ची, पाण्याच्या नळामागची ओली फट, कुठेही पाहा. कुठे वड, कुठे पिंपळ, कुठे उंबर, तर कुठे नांदरूक. त्यांना कुणी लावलेले नसते. त्यांना कुणी पाणी घालत नाही. मूठभर मातीसुद्धा त्यांच्या वाट्याला आलेली नसते. तरी ती वाढतात.

आपण ही झाडे रोज पाहतो आणि पुढे जातो. पण त्यांच्यामुळे मोठा पेच उभा राहतो. झाड राहू दिले, तर भिंत जाते. भिंत वाचवायची, तर झाड मारावे लागते. मग करायचं काय?

ह्यातून एक तिसरी वाट निघते. झाड मुळांसकट सोडवायचे आणि कुंडीत लावायचे. ते नीट जगवले, तर त्याचा लहानसा, देखणा वृक्ष होतो. तो आपल्या अंगणात किंवा गच्चीत वर्षानुवर्षे राहतो. हे काम कसे करायचे, ते आम्ही ह्या पाठात सांगणार आहोत.

झाड भिंतीत येते कसे?

वड, पिंपळ, उंबर आणि नांदरूक ही एकाच कुळातली भावंडे. त्यांची फळे मैना, बुलबुल, कोकीळ, तांबट आणि वटवाघळे आवडीने खातात. फळातले बी खसखशीच्या दाण्याएवढे असते. ते पोटात पचत नाही. पाखरू भिंतीवर येऊन बसते, त्याच्या विष्ठेबरोबर बी फटीत पडते.

जुन्या भिंतींचे सांधे चुन्याचे किंवा मातीचे असतात. त्यांत ओल धरून राहते. वाऱ्याने आलेली धूळ साचते. एवढे ह्या बियांना पुरते. पहिल्या पावसात बी रुजते. त्याचे मूळ केसासारखे बारीक असते. ओल जिकडे असेल, तिकडे ते सरकत जाते.

केसाएवढे मूळ पुढे सुतळीएवढे होते, मग बोटाएवढे, मग मनगटाएवढे. मूळ जाड होताना दोन्ही बाजूंचे दगड ढकलते. सांधा उघडतो. त्यात पावसाचे पाणी शिरते. पाण्याबरोबर आतली माती वाहून जाते. भिंतीला फुगवटा येतो. हे सगळे इतके सावकाश होते, की घरातल्या माणसांच्या ध्यानात येत नाही. मग श्रावणातल्या एखाद्या रात्री भिंत बसते. तिच्याखाली कोण झोपले आहे, हे ती बघत नाही. दर पावसाळ्यात भिंती पडून माणसे दगावल्याच्या बातम्या आपण ऐकतो. प्रत्येक भिंत काही झाडामुळे पडत नाही. पण ज्या भिंतीत वड-पिंपळाची मुळे शिरली आहेत, तिचा भरवसा धरू नये.

तोडायला हात का धजत नाही?

पुष्कळ घरांत हे झाड दिसत असते, पण त्याला कुणी हात लावत नाही. म्हातारी माणसे सांगतात, "पिंपळ तोडू नये. त्याच्यावर मुंजा असतो." वड तर सावित्रीचा. उंबर दत्ताचे. मग भिंतीला तडे गेले तरी झाड तसेच राहते.

उलट काही जण रात्रीतून त्याचा निकाल लावतात. कुणी ॲसिड ओततो. कुणी बुंध्याला भोक पाडून हिंग भरतो. कुणी वरचा भाग कोयत्याने छाटून टाकतो. छाटल्याने तर काहीच होत नाही. मूळ आत जिवंत असते. महिनाभरात दोनाचे चार कोंब येतात आणि मूळ आणखी जाड होते. ॲसिडाने झाड मरेल, पण चुन्याचा सांधाही खाल्ला जाईल आणि ओतणाराचे हातही भाजतील.

ज्यांना झाड तोडणे पाप वाटते, त्यांच्या भावनेला आम्ही हसत नाही. झाडाला जीव आहे, हे त्या भावनेच्या मुळाशी आहे. आमचे म्हणणे इतकेच, की झाड हलवणे म्हणजे झाड मारणे नव्हे. भिंतीत राहिले, तर आज ना उद्या ते कुणीतरी मारणारच आहे.

कुंडीतला वृक्ष

लहान कुंडीत मोठ्या झाडाचे रूप राखण्याच्या कलेला बोन्साय म्हणतात. हा शब्द जपानी आहे. 'बोन' म्हणजे उथळ तबक आणि 'साय' म्हणजे लावणे. मराठीत आपण अशा झाडाला वामनवृक्ष म्हणतो. बळीराजापुढे आलेला बटू दिसायला केवढासा होता आणि त्याचे पाऊल केवढे पडले, ते आपल्याला ठाऊक आहे. नाव शोभण्यासारखेच आहे.

ही कला मूळची चीनची. तिथे इ. स. ७०६ मध्ये बांधलेल्या एका राजपुत्राच्या कबरीत भिंतीवर चित्रे आहेत. त्यांत एक सेवक लहान झाडे आणि दगड मांडलेले तबक घेऊन उभा आहे. चीनमधून ही कला जपानात गेली आणि तिथे फार वाढली.

जपानी लोक डोंगरकड्यावरची खुरटलेली झाडे काढून आणत. अशा झाडांना ते यामादोरी म्हणतात. वाऱ्याने वाकलेले, दगडात अडकलेले झाड त्यांना फार मोलाचे वाटे. कारण तसा बुंधा कुंडीत तयार करायला माणसाचे आयुष्य पुरत नाही. युरोपात ॲश नावाचे झाड आहे. त्याच्या बियांना पातळ पंख असतो. ते वाऱ्याने उडून भिंतीच्या फटीत आणि रेल्वेच्या रुळांकडेला रुजते. तिकडचे शौकीन लोक थंडी सरता सरता, डोळे फुटण्याआधी, ते मुळांसकट काढतात आणि कुंडीत लावतात. जे काम तिथे ॲशचे, तेच आपल्याकडे वड-पिंपळाचे.

आपल्याला एक सोयही आहे. वडाच्या कुळातली झाडे फार चिवट असतात. मुळे थोडी तुटली, तरी ती नवी मुळे धरतात. नवशिक्याच्या हाती द्यायला ह्याहून चांगले झाड नाही.

आधी विचारा, मग खणा

झाड दिसले आणि पहार घेऊन निघालो, असे चालत नाही. जागा कुणाची आहे, ते आधी पाहावे.

आपल्या घराची भिंत असेल, तर प्रश्न नाही. दुसऱ्याची असेल, तर मालकाला विचारा. तो बहुधा आनंदाने हो म्हणेल. देऊळ असेल, तर पुजारी आणि विश्वस्त ह्यांना विचारा. शहरात झाडे जपण्यासाठी १९७५ चा कायदा आहे. तिथे झाड मोठे असेल, तर नगरपालिकेच्या उद्यान खात्यात चौकशी करावी.

जंगलातले झाड मात्र काढू नये. सरकारी वनात परवानगीवाचून झाड उपटणे हा १९२७ च्या वन कायद्याप्रमाणे गुन्हा आहे. शिवाय जंगलात त्याच्यामुळे कुणाचे घर पडत नाही. ते आपल्या जागी आहे. त्याच्या फळांवर पाखरे जगतात. त्याला तिथेच राहू द्यावे.

किल्ल्यांच्या तटबंदीतली आणि जुन्या लेण्यांजवळची झाडेही आपण काढायची नाहीत. तिथला एक दगड हलला, तरी नुकसान होते. ते काम पुरातत्त्व खात्याच्या जाणत्या माणसांचे आहे.

कोणते झाड घ्यावे?

पहिल्यांदाच करत असाल, तर अंगठ्याएवढ्या जाडीचे झाड घ्या. फार तर मनगटाएवढे. त्याहून मोठ्या झाडाची मुळे भिंतीत खोल गेलेली असतात. ती ओढली, तर दगड सोबत येतात. असे झाड काढायला जाणता गवंडी पाहिजे. तो दगड सोडवील, मूळ काढील आणि दगड पुन्हा बसवील. तो पैसा वाचवू नये.

उंच भिंतीवरचे झाड शिडीवर एकट्याने चढून काढू नका. खाली शिडी धरायला माणूस हवाच. भिंतीला आधीच फुगवटा असेल, तर तिच्या पायथ्याशी उभेसुद्धा राहू नका.

झाडांत नांदरूक सर्वांत सोपे. त्याची पाने मुळातच लहान असतात. वडाचे पान मोठे असते, पण कुंडीत ते हळूहळू लहान होते. शिवाय त्याचा बुंधा लवकर भारदस्त दिसतो. पिंपळाच्या पानाचा देठ लांब, म्हणून त्याचे झाड जरा विरळ दिसते. पण वाऱ्याने त्याची पाने सळसळतात, ती मौज दुसऱ्या झाडात नाही. उंबराचे पानही मोठे. तरी मिळाले, तर टाकू नका.

काढायची वेळ

मृगाचा पाऊस पडून गेला, हवा गार झाली, भिंत आतपर्यंत भिजली, की वेळ आली. जूनचा दुसरा पंधरवडा आणि जुलै हे दिवस उत्तम. हवेत दमटपणा असतो. पानांतून पाणी कमी उडते. उबही असते, त्यामुळे मुळे लवकर फुटतात. दिवस ढगाळ पाहावा. ऊन असेल, तर दुपार टाळावी आणि संध्याकाळी काम करावे. मुसळधार पाऊस चालू असताना मात्र भिंतीजवळ जाऊ नये.

मे महिन्याच्या उन्हात झाड काढले, तर ते सुकून जाते. पौष-माघाच्या थंडीत काढले, तर मुळे फुटायला फार वेळ लागतो. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग बांधतो. आपण तसे करू नये. झाड वर्षभर भिंतीत होते, ते आणखी दोन महिने राहील.

काढायची रीत

सामान थोडेच लागते. छिन्नी, हातोडी, खुरपे, धारदार कात्री, लहान करवत, ओले गोणपाट आणि पाण्याची बादली.

पहिले काम वरचे. झाडाच्या फांद्या आखूड करा. दर फांदीवर दोन-तीन डोळे ठेवा. डोळा म्हणजे पानाच्या बगलेतली कळी, जिथून नवा कोंब येतो. मोठी पाने कात्रीने निम्मी कापा. हे का करायचे? पाने दिवसभर पाणी हवेत सोडत असतात. ते पाणी मुळे पुरवतात. आपण मुळे कापणार, मग पुरवठा कमी होणार. खर्च कमी केला नाही, तर झाड तहानेने मरेल. घरात मिळकत घटली, की आपणही खर्चाला हात लावतोच की.

कापल्याबरोबर पांढरा चीक येतो. तो डोळ्यांत जाऊ देऊ नका. काहींच्या कातडीला त्याने खाज सुटते. हात लगेच धुवा. कापावरचा चीक वाळू द्या. तो सुकला, की जखमेवर झाकण बसते.

आता मूळ. झाड धरून ओढू नका. ओढल्याने बारीक मुळे तुटतात आणि हातात नुसता सोटा येतो. पाणी शोषतात ती ही बारीक मुळेच. जाड मूळ आधार देते आणि साठवण करते. म्हणून छिन्नीने सांध्यातला चुना हळूहळू खरवडा. मूळ जिकडे गेले असेल, तिकडे थोडे थोडे मोकळे करा. वीतभर मूळ बारीक मुळांसकट आले, तरी पुष्कळ झाले. त्यापुढचे मूळ धारदार कात्रीने एका घावात कापा. चेचलेले मूळ कुजते.

झाड सुटले, की ताबडतोब मुळे ओल्या गोणपाटात गुंडाळा. उघडी मुळे वाऱ्याने पंधरा-वीस मिनिटांतही वाळू लागतात. घरी नेऊन लगेच लावा. उद्यावर ठेवू नका.

भिंत तशीच सोडू नका

भिंतीत मुळाचा तुकडा राहिला, तर तो पुन्हा फुटतो. हाताला लागेल तेवढे मूळ काढा. मग फट भरून घ्या. जुनी भिंत चुन्याची असेल, तर चुन्यानेच भरावी. सिमेंट फार कडक असते. चुन्याच्या भिंतीत ते एकजीव होत नाही, आणि आतली ओल आतच कोंडते. पुढे वर्षातून दोनदा, पावसाच्या आधी आणि नंतर, सगळ्या भिंतीवरून नजर फिरवावी. चार पानांचे रोप हाताने उपटता येते. ते काम पाच मिनिटांचे आहे.

कुंडी आणि माती

इथे पुष्कळ जण घाई करतात. झाड आणले, की थेट उथळ तबकात लावतात. तसे करू नये. आजारी माणसाला कुणी तालमीत पाठवत नाही. आधी त्याला दहा-बारा इंचांची साधी मातीची कुंडी द्या. भाजीची प्लॅस्टिकची पाटी असली, तरी चालते. तळाला पाणी निथळायला भोके हवीत. भोकांवर खापरीचे तुकडे ठेवा.

माती भुसभुशीत पाहिजे. शेतातली काळी माती चालत नाही. ती पाणी धरून बसते, मुळे कुजतात, आणि वाळली की तिला भेगा पडतात. आमचे प्रमाण असे आहे: विटांचा हरभऱ्याच्या डाळीएवढा चुरा दोन भाग, जाड वाळू एक भाग, चाळलेली लाल माती एक भाग. चुऱ्यातली आणि वाळूतली धूळ चाळून टाका. सुरुवातीला शेणखत घालू नका. ताज्या जखमांना ते सोसत नाही.

कुंडीत थोडी माती घाला. झाड ठेवा. मुळे हाताने पसरा. वरून माती टाका आणि काडीने मुळांमध्ये सारा, म्हणजे पोकळी राहणार नाही. मग झाड सुतळीने कुंडीला घट्ट बांधा. हे विसरू नका. झाड वाऱ्याने हलले, की नुकतीच फुटलेली मुळे तुटतात. शेवटी झारीने पाणी घाला. तळातून स्वच्छ पाणी येईपर्यंत घाला.

पहिले तीन महिने

कुंडी तीन-चार आठवडे सावलीत ठेवा. उजेड हवा, ऊन नको. पावसाची धार थेट पडू देऊ नका. हवा कोरडी असेल, तर झाडावर प्लॅस्टिकची पिशवी सैल घाला आणि दिवसातून एकदा ती काढून वारा द्या.

पाणी किती घालावे? बोट मातीत पेराएवढे घाला. आत ओल लागली, तर पाणी नको. कोरडे लागले, तर भरपूर घाला. रोज ठरल्या वेळी पेलाभर ओतायची सवय वाईट. कुंडीखाली ताटली असेल, तर तिच्यात पाणी साचू देऊ नका. मुळे कुजतातच, शिवाय त्या पाण्यात डेंग्यूचे डास होतात.

दोन-तीन आठवड्यांत कोंब येतील. घरात आनंद होईल. पण इथे एक फसवणूक असते, ती नीट समजून घ्या. पहिले कोंब झाड आपल्या बुंध्यातल्या साठवणीवर काढते. मुळे फुटली नसली, तरी ते येतात. ह्या कोंबांना भुलून झाड उन्हात ठेवले, खत घातले, की ते माना टाकतात आणि झाड जाते. म्हणून थांबा. ते कोंब वाढून टवटवीत राहिले, त्यांच्या टोकांना पुन्हा नवी पाने आली, म्हणजे मुळे धरली असे समजा. ह्याला दोन-तीन महिने लागतात. तोवर झाड हलवून, उपटून पाहू नका.

मुळे धरली, की झाड हळूहळू उन्हात आणा. आधी सकाळचे कोवळे ऊन, मग पूर्ण ऊन. वडाचे कूळ उन्हाचे आहे. ते घरातल्या कोपऱ्यात कायमचे ठेवू नका. कुंडी गच्चीच्या कठड्यावरही ठेवू नका. वाऱ्याने पडली, तर खाली कुणाच्या डोक्यात जाईल.

दोन वर्षे वाढू द्या

पहिले वर्षभर झाड मोकळे वाढू द्या. कात्री लावू नका. पाने जितकी जास्त, तितकी मुळे जास्त. दसऱ्यानंतर महिन्यातून एकदा मूठभर जुने, कुजलेले शेणखत वरच्या मातीत मिसळा.

दुसऱ्या पावसाळ्यात फांद्या निवडा. झाड चारही बाजूंनी पाहा. कोणत्या बाजूने बुंधा चांगला दिसतो, ते ठरवा. एकाच जागी दोन फांद्या समोरासमोर असतील, तर एक काढा. खालची फांदी जाड आणि लांब, वरची बारीक आणि आखूड, अशी ठेवण असली, म्हणजे झाड मोठ्या वृक्षासारखे दिसते. गावाबाहेरचा जुना वड बघून या. तोच आपला गुरू.

फांदी वळवायची असेल, तर मऊ ॲल्युमिनियमची तार तिच्यावर तिरकी गुंडाळा आणि हलक्या हाताने वाकवा. दर आठवड्याला पाहा. तार सालीत रुतू लागली, की ती तुकडे करून काढा. उलटी सोडवायला गेलात, तर कोवळी फांदी मोडेल.

दोन वर्षांनी, पावसाच्या तोंडावर, झाड उथळ कुंडीत घ्या. कुंडीतून काढा, खालची जाड मुळे कापा, बारीक मुळे राखा. सुमारे एक तृतीयांश मुळे कापली, तरी चालते. त्यापुढे दर दोन-तीन वर्षांनी हेच करायचे आणि माती बदलायची. उथळ कुंडीची माती लवकर वाळते. उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ पाणी लागते. गावाला जायचे असेल, तर शेजाऱ्याला सांगून जा.

हे झाडाला उपाशी ठेवणे आहे का?

पुष्कळांना वाटते, की बोन्साय म्हणजे झाडाची उपासमार. तसं नाही. उपाशी झाड पिवळे पडते आणि मरते. कुंडीतल्या झाडाला पाणी, ऊन आणि खत वेळच्या वेळी लागते. ते लहान राहते, ते दोन कारणांनी. मुळांना जागा थोडी असते आणि आपण शेंडे खुडत असतो. शेंडा खुडला, की बाजूचे डोळे फुटतात. फांद्या वाढतात, पाने पुष्कळ होतात आणि लहान होतात. फळ मात्र फारसे लहान होत नाही. कुंडीतल्या वडाला फळ धरले, तर ते जवळपास मोठ्या वडाएवढेच असते.

तरीही कुणाला झाड कुंडीत ठेवणे पटत नसेल, तर आग्रह नाही. झाड कुंडीत वर्षभर जगवा आणि पुढच्या पावसात मोकळ्या जागी लावा. गायरान, नदीकाठ, शाळेचे मैदान, जिथे ग्रामपंचायत सांगेल तिथे. घर, विहीर आणि पाण्याचे नळ ह्यांच्यापासून लांब लावा. दोन उन्हाळे पाणी घाला, कुंपण करा. गावाला सावली मिळेल.

ज्येष्ठात वटपौर्णिमा येते. शहरात वड जवळ नसतो. मग बाजारात वडाच्या फांद्या विकायला येतात. एका दिवसाच्या पूजेसाठी मोठ्या झाडाच्या फांद्या मोडल्या जातात आणि दुसऱ्या दिवशी त्या कचऱ्यात पडतात. एका चाळीत, एका सोसायटीत कुंडीतला एक वड असेल, तर सगळ्या बायांना त्याची पूजा करता येईल. फांदी तोडायला नको. पूजा जिवंत, मुळे असलेल्या वडाची होईल.

हे झाड किती जगते?

माणसापेक्षा जास्त, पण माणसाने सांभाळले तर. अमेरिकेत वॉशिंग्टन शहरी राष्ट्रीय वृक्षोद्यानात बोन्सायचे संग्रहालय आहे. तिथे एक जपानी पाइन आहे. ते १६२५ पासून माणसाच्या हाताखाली वाढते आहे. ते हिरोशिमाच्या यामाकी घराण्याकडे होते. ६ ऑगस्ट १९४५ रोजी त्या शहरावर अणुबाँब पडला. यामाकींचे घर तिथून सुमारे तीन किलोमीटरवर होते. घराच्या काचा फुटल्या. झाड एका भिंतीच्या आडोशाला होते, म्हणून वाचले. १९७६ मध्ये मासारू यामाकी ह्यांनी ते अमेरिकेला भेट दिले. ज्या देशाने बाँब टाकला, त्यालाच. त्यांनी त्या वेळी बाँबची गोष्ट गाजवली नाही. २००१ मध्ये त्यांचे नातू झाड पाहायला गेले, तेव्हा संग्रहालयातल्या लोकांना ती कळली.

घराण्यातल्या कितीतरी माणसांनी त्या झाडाला पाणी घातले असेल. एकाने चुकवले असते, तर झाड राहिले नसते. कुंडीतले झाड आपल्या पायावर उभे नसते. ते आपल्या रोजच्या आठवणीवर उभे असते. म्हणून एकच झाड घ्या आणि ते जगवा. दहा आणून नऊ मारण्यात अर्थ नाही.

ध्यानात ठेवा

१. झाड भिंतीतले घ्या, जंगलातले नको. आधी परवानगी घ्या.

२. जूनचा दुसरा पंधरवडा आणि जुलै ही काढायची वेळ.

३. आधी फांद्या आखूड करा, मग मूळ सोडवा. ओढू नका.

४. भिंतीची फट त्याच आठवड्यात भरा.

५. पहिली कुंडी खोल, माती भुसभुशीत, झाड सुतळीने बांधलेले.

६. पहिल्या कोंबांना भुलू नका. तीन महिने थांबा.

७. उथळ कुंडी दोन वर्षांनी.

येत्या पावसाळ्याच्या आधी आपल्या घराभोवती एक फेरी मारा. भिंत नीट पाहा. वड किंवा पिंपळ दिसला, तर त्याची जाडी बोटाने मोजा आणि घरात सर्वांना सांगा. एक रिकामी कुंडी आताच धुऊन ठेवा.